एकेचाळीस नंबरचा शिक्का

आमचं लग्न ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं होतं, की मुलाचं चष्म्यांचं दुकान आहे, स्वभाव शांत आहे आणि व्यसन कसलंही नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या. तिसरीचा उलगडा लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी झाला. आमचे हे सकाळी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसले ते जेवायच्या वेळीच उठले, आणि तेवढ्या वेळात यांनी केलं काय, तर कुणा परक्या बाईच्या नावाचं, पिवळं पडलेलं एक रिकामं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. आत पत्रसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "कोण ही बाई?" तर म्हणाले, "माहीत नाही." म्हटलं, झालं कल्याण.

आता इतक्या वर्षांत मलाही त्यातलं थोडंफार कळायला लागलंय. तिकिटं जमवणारे लोक सगळ्यांनी पाहिलेले असतात. यांचं वेड त्याच्या एक पायरी पुढचं: लढाईच्या काळात सैनिकांनी घरी पाठवलेली पाकिटं. त्यांना तिकीट लागत नसे. छावणीच्या टपाल कचेरीचा नंबर असलेला गोल शिक्का आणि पत्र वाचून पुढे सोडणाऱ्या अधिकाऱ्याची सही, एवढ्यावर पाकीट घरी पोचायचं. जी छावणी थोडेच दिवस टिकली तिचा शिक्का दुर्मीळ, आणि जे दुर्मीळ त्याची नक्कल करायला माणसं टपलेलीच असतात. बिनशिक्क्याची जुनी पाकिटं मिळायला तर काहीच अडचण नाही. रजेवर निघालेला एखादा सोबती इतरांची पत्रं खिशात घालून आणायचा, त्यामुळे कितीतरी पाकिटांवर टपालाचा शिक्का नसतोच. असं एखादं पाकीट घ्यायचं, त्यावर घरी बनवलेला शिक्का हाणायचा, की रद्दीतला कागद काचेच्या कपाटात जाऊन बसतो. ही लबाडी ओळखण्यात यांचा हात धरणारा आमच्या शहरात तरी कुणी नव्हता.

यांचं दुकान म्हणजे पुढे आरसे आणि फ्रेमांची कपाटं, मागे काचा घासायची खोली. तिथे चाकावर सतत पाणी ठिबकत असतं आणि भिंतीपासून चहाच्या कपापर्यंत सगळ्यावर काचेची पांढरी धूळ बसलेली असते. त्या खोलीतलं खिडकीशेजारचं टेबल यांनी पाकिटांसाठी राखून ठेवलंय. त्याला कापडसुद्धा मी लावायचं नाही, यांनीच लावायचं. संग्राहक मंडळाचे सभासद तिथे येतात, पाकीट पुढे ठेवतात आणि घरातलं माणूस आत ऑपरेशनला गेल्यासारखे उभे राहतात. मंडळात यांना सगळे भिंगवाले म्हणतात. हे कुणालाही तोंडावर खोटं म्हणत नाहीत. पाकीट परत देतात आणि म्हणतात, "मला हे पटत नाही." एवढ्या चार शब्दांवर भलेभले गृहस्थ खाली मान घालून घरी गेलेले मी पाहिलेत.

घरातही तीच तऱ्हा. आमच्या थोरलीने एकदा शाळेला दांडी मारली आणि वहीत माझी सही ठोकून दिली. यांनी वही हातात घेतली आणि म्हणाले, "तुझी आई सही करते तेव्हा तिचं अर्धं लक्ष गॅसवर असतं. ही सही फार मन लावून केलीय." पोरीने तिथल्या तिथे भोकाड पसरलं. खोटं नेहमी मन लावून केलेलं असतं, हे यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं असं, की खोट्याला गिऱ्हाईक लागतं; विकायचंच नसेल तर कुणी उगाच शाई वाया घालवत नाही. ही वाक्यं ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

या सगळ्या नावलौकिकाच्या बुडाशी मात्र एकच पाकीट होतं, एकेचाळीस नंबरच्या छावणीचं. ही छावणी डोंगरातल्या एका खिंडीत होती. ती जेमतेम उभी राहिली आणि शत्रूने वेढा घातला. टपालाची एकच थैली तिथून बाहेर पडली, आणि मग खिंड पडली. तिथलं कुणी परत आलं नाही, कचेरीची दप्तरंही जळाली, त्यामुळे तिथला शिक्का दिसायचा कसा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने तसलं एक पाकीट आणलं. दातांचे डॉक्टर, म्हणजे यांचे शाळेपासूनचे मित्र आणि मंडळाचे अध्यक्ष, त्या पाकिटासाठी जीव टाकत होते. यांनी ते तपासलं आणि खरं ठरवलं. डॉक्टरांनी ते घेऊन काचेच्या चौकटीत बसवलं आणि दवाखान्यात खुर्चीसमोर टांगलं, म्हणजे दाढ काढताना पेशंटला दुसरं काही बघायची सोयच नाही. यांनी त्या शिक्क्याची रेघन् रेघ पारदर्शक कागदावर उतरवून घेतली. तोच मंडळाचा नमुना झाला. एकेचाळीस नंबरचं म्हणून जे पाकीट येईल त्यावर हा कागद ठेवायचा; जुळलं तर खरं, नाही तर नाही. पुढे अशी आणखी दोन जुळली.

गेल्या वर्षी मंडळाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि वर्तमानपत्रात छापून आणलं, की कुणाच्या घरी लढाईतली पाकिटं असतील तर दाखवायला द्यावीत. त्यावरून एके सकाळी एक बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील. दंडाला टाचण्या लावलेली गादी तशीच बांधलेली राहिली होती, त्यावरून शिवणकाम करतात हे कळत होतं. त्यांनी पर्समधून पत्र्याचा एक चपटा डबा काढला आणि त्यातून पाकीट.

"माझ्या वडिलांचं आहे," त्या म्हणाल्या. "मी पोटात होते तेव्हा ते लढाईवर गेले. आईला हे एवढंच आलं. पत्र वाचून वाचून चिंध्या झाल्या त्याच्या, पाकीट राहिलं. अक्षर त्यांचं नाही हं. त्यांना लिहिता येत नव्हतं, सोबत्याने लिहून दिलेलं. म्हणून तर लोक तेव्हा म्हणायचे, हे कुणाचं कुणाला आलंय. पण आई म्हणायची, शिक्का बघा. एकेचाळीस. त्यांची तुकडी तिथंच होती."

यांनी दिवा खाली ओढला, नमुन्याचा कागद काढला, पाकिटावर ठेवला. मी शेजारी फ्रेमा पुसत उभी होते. मलासुद्धा दिसलं, की जुळत नाहीये. बाईंच्या पाकिटावरचं वर्तुळ जरा मोठं होतं आणि चारचा आकडा एका अंगाला कलला होता. यांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला.

"मला हे पटत नाही," हे म्हणाले.

बाईंना काय कळणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग यांना नीट सांगावं लागलं, की शिक्का खोटा आहे. त्या काही भांडल्या नाहीत. पाकीट डब्यात ठेवलं, डबा पर्समध्ये ठेवला आणि "बरं" म्हणून गेल्या. दिवसभर मला करमलं नाही, पण मी काही बोलले नाही. यांच्या त्या टेबलावर माझं काही चालत नाही.

काही दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या.

"एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "पाकीट खोटं आहे हे अगदी पक्कं ना?"

"का हो?" यांनी विचारलं.

"आई दार उघडं ठेवायला लावते."

आम्हाला काही कळेना, म्हणून त्या सांगू लागल्या.

"दुपारी ती पडलेली असते तेव्हा. मी सांगायलाच नको होतं, पण ती सारखी विचारत होती, प्रदर्शनात कुठं लावणार, काचेत लावणार का. मग सांगितलं. मला वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, शिक्का खोटा तर मग ते खिंडीत नव्हतेच. मग कुठं होते? कुठंतरी असतील. तुम्हाला वाटत असेल, तिला वाईट वाटलंय. तिला बरं वाटलंय हो! सकाळी केस विंचरून मागते. जिन्यात पाऊल वाजलं की मान वळवते. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. मला बघवत नाही."

यांनी चष्मा काढला आणि पुसला. स्वच्छच होता.

"पक्कं खोटं असेल तर मी गप्प बसते," त्या म्हणाल्या. "तिला वाटतंय ते वाटू दे. पण तिळाएवढीही शंका असेल तर सांगा. मला एक कळत नाही, आम्ही काय ते विकायला काढलं होतं? माझ्या जन्माच्या आधीपासून डब्यात आहे. आमच्या घरी येऊन कोण कशाला खोटा शिक्का मारेल?"

मी यांच्याकडे पाहिलं. ज्या वाक्याने माझे कान किटले होते ते यांच्याच दारात चालून आलं होतं, आणि यांना ते ऐकू आलंय की नाही हे बघायला मी फ्रेमा पुसायची थांबले. ऐकू आलं होतं. "पाकीट ठेवून जाल का?" एवढंच हे म्हणाले.

बाई गेल्यावर यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. या वेळी नमुन्याचा कागद खणातच राहिला. पाकीट उभं धरून हे भिंगातून नुसती त्याची कड बघत होते. मग मला हाक मारली. "बघ."

म्हातारीने ते पाकीट कात्रीने बाजूने कापून उघडलं होतं, आणि कापताना शिक्क्याची थोडी किनार कापलेल्या पट्टीबरोबर निघून गेली होती. वर्तुळ कडेशी येऊन सरळ तुटत होतं. कापलेल्या जागी कागद आतून स्वच्छ होता, शाईचा टिपूसही नाही.

"आधी शिक्का, मग कात्री," हे म्हणाले. "उघडलेल्या पाकिटावर शिक्का मारला तर शाई कडेत मुरते, आत उतरते. हे पाकीट घरी आलं तेव्हा त्यावर शिक्का होता, गं."

"म्हणजे खरं आहे?"

"हो."

"मग डॉक्टरांचं?"

 बराच वेळ हे काचा घासायचं चाक बंद करून पुन्हा चालू करत होते. मग म्हणाले, "त्याची कड मी पाहिलेलीच नाही. व्यापाऱ्याने ते प्लॅस्टिकमध्ये चिकटवून आणलं होतं, उघडू देईना. मी वर्तुळच बघत बसलो. इतकं सुबक वर्तुळ होतं." पुढचं न बोलताही मला कळलं. फार मन लावून केलेलं होतं. आणि एकदा नमुना म्हणून मान मिळाल्यावर त्यावर भिंग धरायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एकाच हाताने मारलेले तीन शिक्के एकमेकांशी जुळले, त्यात नवल ते काय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही गेलो तेव्हा एक गृहस्थ तोंड वासून खुर्चीत बसले होते. त्यांची सुटका होईपर्यंत आम्ही बाकावर थांबलो. मग यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग चिडले. "तुझं डोकं फिरलंय, भिंग्या. तूच सही दिलीस त्याच्यावर."

"म्हणूनच आलोय."

चौकट भिंतीवरून उतरली. डॉक्टरांनी स्वतःच्या चिमट्याने मागचे खिळे काढले, पाकीट सोडवलं, खुर्चीवरचा मोठा दिवा ओढला आणि तोंडात घालायचा तो दांड्याचा छोटा आरसा पाकिटाच्या कापलेल्या कडेला लावला.  आरसा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"आतून किडलंय रे," डॉक्टर म्हणाले. शाई कडेत पार मुरली होती. आतल्या बाजूलाही निळसर डाग उतरला होता.

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "आपलेच दात अन् आपलेच ओठ. कुणाला सांगणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "मंडळात सांगायचं तर मुळासकट काढ. अर्धवट ठेवू नको, ठणकत राहील." बोलले खरे, पण त्यानंतर बरेच रविवार ते आमच्याकडे फिरकले नाहीत. यांनी त्याचा शब्दही काढला नाही, मात्र रविवारी कप तीनच्या ठिकाणी दोन ठेवले की यांचा चेहरा उतरायचा.

मंडळाच्या सभेत यांनी उभं राहून सगळं सांगितलं. दुसऱ्या दोन पाकिटांचे मालक तणतणत निघून गेले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण यांची झोप उडाली होती ती मंडळामुळे नव्हे. पाकीट परत द्यायचं होतं. देताना काय सांगायचं?

मी म्हटलं, "मुलीला खुशाल सांगा. म्हातारीला कशाला? दार उघडं राहिलं तर कुणाचं काय जातंय? शेवटचे दिवस आहेत, आनंदात आहे बिचारी. तुम्ही जाऊन सांगणार, पाकीट खरं आहे. म्हणजे काय, तर नवरा खिंडीतच होता, गेला. हिशेब तुमचा चुकला आणि शिक्षा तिला!"

"पाकीट त्यांचं आहे," हे म्हणाले.

"असेना!"

"तो माणूस तिथं होता, गं. वेढा पडायच्या आधी कुणालातरी धरून त्याने पत्र लिहून घेतलं, थैलीत टाकलं. तेवढं एकच त्याला करता आलं. आणि मी म्हटलं, हे त्याने केलंच नाही. मी त्या मुलीला विचारतो. ती नको म्हणाली तर गप्प बसेन."

यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सांगा. तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

मी यांच्याबरोबर गेले, कारण एकट्याला पाठवायची सोय नव्हती. जिना अरुंद होता आणि हे प्रत्येक वळणावर उगाचच थांबत होते. वर दार सताड उघडं. आत खिडकीशी शिलाई यंत्र, त्यावर अर्धवट शिवलेली कुणाचीतरी बाही, आणि भिंतीकडेच्या पलंगावर उशीला टेकून बसलेली म्हातारी. केस चापूनचोपून बसवलेले. आमची पावलं ऐकून ती दाराकडेच बघत होती, आणि आम्ही दोघं आत आल्यावर तिने नजर थोडी खाली घेतली. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं.

हे स्टूल ओढून जवळ बसले.

"मावशी, मी तो भिंगवाला. तुमच्या पाकिटाला खोटं म्हणालो तो. माझी चूक झाली. पाकीट खरं आहे."

म्हातारीने यांच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मुलगी यंत्राजवळ पाठ करून उभी होती.

"म्हणजे ते तिथंच होते," म्हातारी म्हणाली.

"हो."

"खिंडीत."

"हो, मावशी. शेवटची थैली निघाली तेव्हा ते तिथं होते, आणि त्या थैलीत त्यांनी तुमचं पत्र घातलं."

ती हात पुढे करून थांबली. यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा कापलेल्या कडेवरून हळूहळू फिरवला.

"कात्री माझीच," ती म्हणाली. "घाई झाली होती मला."

मला रडू आलं. यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं, तर तिथे मुलगीही तेच करत होती. म्हातारी मात्र रडली नाही. पाकीट तिने मांडीवर ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवला.  मग तिने अगदी सरळ आवाजात विचारलं, "तू तर यातला जाणकार ना? मग चुकलास कसा?"

यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. आपल्या मित्राकडे एक पाकीट होतं, तेच खरं धरून चाललो, त्याच्याशी जुळलं नाही म्हणून तुमचं खोटं म्हटलं. आणि खोटं ते निघालं. पाकीट जुनंच, कुठल्यातरी दुसऱ्या छावणीतून कुणीतरी सोबत्याच्या हाती धाडलेलं. एकेचाळीस नंबरचा शिक्का कितीतरी वर्षांनी एका लबाडाने त्यावर मारला.

"नाव कुणाचं आहे त्याच्यावर?"

"एका बाईंचं. दुसऱ्या गावच्या."

"बायको असेल."

"असेल."

म्हातारी विचार करत होती. कपाळावर आठ्या पडल्या. "शिक्का खोटा," ती म्हणाली. "म्हणजे तिचा माणूस खिंडीत नव्हता."

हे दचकले. तीस वर्षं यांनी ते पाकीट पाहिलं, त्याची रेघन् रेघ उतरवली, त्यावरून सभा गाजवल्या. हा विचार यांना कधी शिवला नव्हता. मलाही नव्हता.

"नाही," हे म्हणाले. "खिंडीत नव्हता."

"मग आला असेल तो घरी."

यांच्याजवळ त्याचा काडीचाही पुरावा नव्हता. तो माणूस कोण, कुठल्या तुकडीतला, लढाईनंतर त्याचं काय झालं, कशाचाच पत्ता नाही. आणि जे भिंगाखालून गेलं नाही त्याला हो म्हणणं यांच्या स्वभावातच नाही. म्हातारी यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"आला, मावशी," हे म्हणाले. "आला तो घरी."